राग पुडीचा, राग माझा

८ ऑक्टोबर

वाशीमच्या डॉक्टरांनी आज विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का?" विचारलं संघपालला. मी समोर बसलेली, दोन्ही सुजलेले हात टेबलावर ठेवलेले, आणि प्रश्न नवऱ्याला! संघपाल म्हणाला, "नाही." एवढंच. आणखी दोन शब्द बोलला असता तर काय जीभ झिजली असती?

रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत म्हणे. "चिकनगुनिया होऊन गेला, आता काही राहिलं नाही. थोडं मनावर घेऊ नका." मनावर कुठे घेतलंय? बोटांवर आलंय. ऑगस्टच्या शेवटी मानोऱ्यात आमच्या गल्लीत एक घर सुटलं नाही तापाने. सगळे कण्हले, कुथले, पंधरा दिवसांनी कामाला लागले. मी पण लागले. पण सकाळी उठते तेव्हा बोटं ही माझी नसतातच. पाटा-वरवंटा मनगटाला बांधल्यासारखं वाटतं. दहा वाजेपर्यंत ब्लाउजचं हूक लागत नाही. मी, धम्मदीपा, शाळेची क्रीडाशिक्षिका, जिच्या पोरींनी दोन वर्षं तालुक्याची कबड्डी जिंकली, तिला आता डब्याचं झाकण उघडत नाही.

परत येताना बसमध्ये खिडकीपाशी बसले. संघपालने खिडकीची काच लावून दिली, वारा लागतो म्हणून. मी परत उघडली. म्हणजे उघडायला गेले. उघडली नाही. मग त्यानेच उघडून दिली. त्याचा जास्त राग आला.

म्हणून ही वही. माणसं ऐकत नाहीत, कागद तरी ऐकेल. पेन धरायला त्याच्यावर जुन्या पायमोज्याची गुंडाळी केली आहे.

१२ ऑक्टोबर

दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसवून दिली शेजारणीने. विहारात वंदनेला बसले आणि हात जोडता येईनात. तळव्याला तळवा टेकतच नाही, मध्ये सुजेची भिंत. मी तसेच अर्धे धरून बसले, कुणीतरी ओंजळीत काही देणार आहे असे. मागून एक म्हातारी बोलली, "आजकालच्या बायायले हात जोडाची बी लाज वाटते."

उठता येईना खाली बसल्यावर. दोघींनी बगलेत धरून उभं केलं. घरी येऊन साडी सोडली ती दारामागे फेकली.

सासूबाईंचं आपलं तेच. गंगू नाव आहे, पण गावात सगळे त्यांना घाबरतात. "आमच्या टायमाले ताप अंगावर घेऊन निंदाले जावो आमी. आता गोळी खाऊन बी पोरी झोपूनच राह्यतात."

मी झोपून राहत नाही, आई. मला झोपता येत नाही, कूस बदलली की खांदा ओरडतो. हे मी बोलले नाही. का बोलले नाही माहीत नाही.

१६ ऑक्टोबर

अमरदीप सरांनी ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापक झाल्यापासून ते खुर्चीत टेकून बसतच नाहीत, पुढे झुकून बसतात, समोरच्याला समजून घेतल्यासारखे.

"मॅडम, ताप तर मलेही आला होता. आता पहा, मी उभा हाय ना?"

मी म्हटलं, "चांगलं आहे सर."

"पोरींचा संघ अनुप सरांकडे देऊन राह्यलो. तुमाले आराम भेटन."

मी आराम मागितला होता? अर्ज केला होता? शिट्टी तोंडाने वाजते, हाताने नाही! पण माझ्या तोंडून निघालं, "ठीक आहे सर." बाहेर आले तर अनुप दारातच उभा. चार वर्षं झाली लागून, पोरगेलेसा आहे. म्हणाला, "मॅडम, मी मागितलं नव्हतं. तुम्ही ग्राउंडवर बसा, सांगा, मी करून घेतो." मी त्याच्याकडे न बघता निघून गेले. गोड बोलून घर लुटणारे मला कळतात.

२३ ऑक्टोबर

बाजारात रुपाबाई भेटली. आमच्या सरिताची आई. सरिता म्हणजे संघातली सगळ्यात चपळ पोरगी, चढाईला गेली की रिकामी येत नाही. तांड्यावरून येते. रुपाबाईने मला पिशवी दंडाला अडकवलेली पाहिली आणि लगेच ओळखलं.

"तुमाले बी सोडलं नाई वाटते त्या तापानं?"

तिने आपले हात दाखवले. माझ्यासारखेच सुजले होते, पण ती मूठ वळून उघडून दाखवत होती, एखादी नवी वस्तू दाखवावी तशी. "मले तं उठता येत नव्हतं, मॅडम. आता दिवाळी झाली की ऊसतोडीले जायाचं. कोयता कोन धरन? मंग ह्या डॉक्टरनं पुडी देल्ली."

डॉक्टर म्हणजे बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीमागे खुर्ची टाकून बसणारा माणूस. पाटी नाही, काही नाही. मी शिक्षिका आहे, मला कळतं. पण ज्याच्या पाटीवर चार ओळींच्या पदव्या आहेत त्याने मला टेन्शन विचारलं, आणि ह्याने माझं बोट हातात घेतलं. "लय दुखत असन," म्हणाला. बाजारात उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पांढरी पूड, कागदाच्या पुड्या. सकाळ-संध्याकाळ.

२५ ऑक्टोबर

मूठ मिटली!

सकाळी उठले आणि मिटली. उघडली, परत मिटली. स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळली. सासूबाईंना हाताने ताट वाढलं. संघपाल चहा पिता पिता बघत होता. म्हणाला, "काय आहे त्या पुडीत?"

"औषध आहे," मी म्हटलं. "जे तुझ्या वाशीमच्या डॉक्टरकडे नव्हतं ते."

"नाव काय त्याचं?"

दोन महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस, आणि आता प्रश्न सुचताहेत.

९ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. इतकी कामं केली की गल्ली बघत राहिली. पूर्ण घर उतरवून पुसलं. गोधड्या धुतल्या. भूक तर अशी लागते की भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत धीर नाही. झोप मात्र नाही, पण हवी कुणाला? दोन महिन्यांचं राहिलेलं आयुष्य भरून काढायचंय मला. शेजारीण म्हणाली, "चेहरा कसा भरला वो, गोल गोल. तब्येत मानवली."

सासूबाई बोलल्या, "आता हालते हातपाय, मंग तवा काहून हालत नव्हते?" या वेळी मी ऐकून घेतलं नाही. जे जे इतकी वर्षं गिळलं ते सगळं काढलं. लग्नात ऐकवलेले टोमणे पण. म्हातारी उठून ओट्यावर जाऊन बसली. बरं झालं.

रुपाबाई गेली ऊसतोडीला, नवऱ्याबरोबर. जाताना पुड्यांची थैली पदरात बांधून नेली. मी पण जास्तीच्या घेऊन ठेवल्यात.

२० नोव्हेंबर

आज शिक्षकांच्या बैठकीत मी टेबलावर हात आपटला. दुखला नाही! अमरदीप सर काहीतरी स्नेहसंमेलनाचं बोलत होते, मी मध्येच उभी राहिले. "माझा संघ मला विचारल्याशिवाय काढला. कशाच्या आधारावर?" सर म्हणाले, "मॅडम, हा विषय आज नाही." मी म्हटलं, "मग कधी? मी मेल्यावर?" अनुप उठला, म्हणाला, "सर, मला खरंच नको, मॅडमलाच..." मी त्याला पण झापलं. भीक नको म्हटलं. तू कोण देणारा?

सगळे माझ्याकडे बघत होते. छातीत धडधडत होतं, हात थरथरत होते, आणि सारखं पाणी प्यावंसं वाटत होतं. पण मला आतून इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. हीच मी असणार खरी. इतकी वर्षं दुसरीच कुणी माझ्या जागी "ठीक आहे सर" म्हणत होती.

२७ नोव्हेंबर

संघपालने माझी एक पुडी उचलली. मेडिकलवाल्याला दाखवायची म्हणे. मी हातातून हिसकावली. तो म्हणाला, "दीपा, तुले झोप नाही. तू दिवसभर भांडून राह्यली. आईशी, शाळेत, त्या दूधवाल्याशी. हे तुझं नाही."

हे तुझं नाही! म्हणजे मी पडून राहिले तर नाटक, उभी राहिले तर हे माझं नाही. चहाचा थर्मास हाताशी होता, तो फेकला. दाराला लागला. त्याला लागला नाही. त्याने खाली बसून काचा वेचल्या, माझ्या चपला उचलून झटकल्या, आत काच राहिली का पाहिलं, परत ठेवल्या. ओरडला नाही. ह्या माणसाला रागसुद्धा येत नाही. भिंतीशी संसार करतेय मी.

११ डिसेंबर

पुडीवाला सलग दुसऱ्या बाजारी आला नाही. टपरीवाला म्हणतो, कुणीतरी तक्रार केली, तो पळाला. कुणाला बघवलं नसेल? माझ्याकडच्या पुड्या परवा संपल्या.

आज सकाळी मूठ मिटली नाही.

१९ डिसेंबर

थांबत थांबत लिहितेय. तेरा तारखेला मैदानाच्या कडेला उभी होते. अनुप सराव घेत होता. मला ओकारी आली, मग डोळ्यांपुढे अंधार. पडले ते पोरींच्या अंगावर. सरिताने डोकं धरलं म्हणे, नाहीतर दगडावर आपटलं असतं. अनुपने आपल्या गाडीतून वाशीमला नेलं, संघपाल पंचायत समितीतल्या कामावरून थेट तिथे आला. रक्तदाब पार खाली गेला होता. सलाईन, इंजेक्शन. तिथून त्यांनी अकोल्याला सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

बाईंनी पहिल्यांदा माझी बोटं एकेक करून दाबली. बोलल्या नाहीत, फक्त दाबत गेल्या आणि लिहीत गेल्या. मग सोनोग्राफीची दांडी बोटांवर फिरवली आणि पडद्यावर दाखवलं. "हे लाल दिसतंय ना? इथे आग आहे. तुम्ही काही मनाने काढलेलं नाही."

मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. मी विचारलं, "मग माझे रिपोर्ट नॉर्मल कसे?"

"तेव्हा रक्तात सापडलं नसेल. रक्तात सापडलं नाही म्हणजे सांध्यात नाही, असं नसतं. हाताला हात लावून बघावं लागतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. विषाणू अंगात शिरला की त्याला मारायला शरीर आपली प्रतिकारशक्ती उठवतं. बहुतेकांची ती काम झालं की शांत बसते. काहींची बसत नाही. विषाणू गेला तरी ती चालूच राहते, आणि आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उठते. "नेमकं का, हे आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. कुणी म्हणतं विषाणूचे तुकडे सांध्यात उरतात आणि डिवचत राहतात. कुणी म्हणतं शरीराची ओळखण्यातच चूक होते. दोन्ही असू शकेल."

संघपालने खिशातून कागद काढला. पुडीचा. थर्मास फुटला त्या दिवशी काचांबरोबर त्याने तो उचलून ठेवला होता. बाईंनी कागदाला चिकटलेली पूड पाहिली. तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही म्हणाल्या, पण मग मला विचारत गेल्या. भूक? चेहरा गोल? झोप नाही? तहान? चिडचिड, धडधड, खूप उत्साह?

मी प्रत्येकाला हो म्हणत गेले.

"स्टेरॉइड असणार. भरपूर. आणि अचानक बंद झालं म्हणून तुम्ही कोसळलात. जीव गेला असता."

आता आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी. रोज नाही, चुकूनही रोज नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि तेच स्टेरॉइड, पण मापात, हळूहळू कमी करत बंद करायचं. "बरं वाटायला दोन-तीन महिने लागतील. घाई करू नका."

मी फक्त एक विचारलं. "मी जे भांडले, ते पण औषधानं?"

बाई म्हणाल्या, "काही भाग."

२२ डिसेंबर

काही भाग. कोणता भाग? तीन दिवस मी हेच करतेय, अंथरुणात पडून एकेक भांडण आठवतेय. थर्मास: पुडीचा. दूधवाला: पुडीचा, त्याची माफी मागितली. अनुप: पुडीचा. तो खरंच देत होता आणि मी थुंकले.

पण अमरदीप सरांनी मला न विचारता संघ काढला, ती गोष्ट खरी आहे. त्या डॉक्टरने माझ्या देखत नवऱ्याला विचारलं, ती खरी आहे. पुडीने फक्त आवाज दिला. मग आता औषधाचं नाव झालं म्हणून सगळे सुटले का? "मॅडमचं ते गोळ्यांनी झालं होतं" असं म्हणून आता हसतील, माहीत आहे मला. मी हसू देणार नाही.

आज बाहेरच्या खोलीत सासूबाई संघपालला विचारत होत्या, "नेमकं झालं काय तिले? मले समजन असं सांग."

आणि हा माणूस बोलला. इतका बोललेला मी कधी ऐकला नव्हता.

"आई, आपल्या वावरात हरभऱ्याले जागल्या ठेवतो ना आपण? रानडुकरं येतात म्हणून. तो रातभर गोफण फिरवते. समज डुकरं निघून गेली, पण जागल्याले तं अंधारात दिसत नाही. तो मारतच राह्यला. सकाळी घरचीच गाय वावरात आली तरी तिच्यावर बी दगड. तसं हाय. जागल्या वाईट नाही, आई. त्याले कोनी सांगतलंच नाही का आता बस कर."

म्हातारी म्हणाली, "मंग मी तिले बोलली ते..."

"हो," संघपाल म्हणाला. "बोलली तू."

थोड्या वेळाने सासूबाई आत आल्या. कोमट पाण्याचं घमेलं आणलं, माझे हात धरून त्यात बुडवले. सॉरी वगैरे काही नाही. बोटं चोळताना फक्त म्हणाल्या, "लय गरम तं नाई?"

लग्नातलं जे मी काढलं होतं, ते मात्र पुडीचं नव्हतं. ते पण एक दिवस बोलायचं आहे. सावकाश.

३० डिसेंबर

शाळेत गेले. अमरदीप सरांसमोर बसले. हात परत सुजलेले, आवाज शांत. त्यांनी आधीच सुरुवात केली, "मॅडम, झालं गेलं, औषधाचा परिणाम होता, आमी समजून..."

"सर, टेबलावर हात आपटला तो औषधाने. जे बोलले ते मी बोलले. संघ मला न विचारता काढला, हे आज बिनपुडीचं परत सांगते."

ते पुढे झुकले. मी मागे टेकले. अनुप शेजारी होता. तो म्हणाला, "पकडीचा सराव मी घेतो, खेळ मॅडम शिकवतील. दोघांचं नाव लावा सर." सरांनी कागदावर काही खरडलं, बघू म्हणाले. बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण उद्यापासून मी मैदानावर खुर्ची टाकणार आहे. उठवून दाखवावं.

मधल्या सुट्टीत सरिता आली. ती आजीजवळ राहून शिकते. म्हणाली, "मॅडम, आईचा फोन आला होता. म्हणे पुड्या संपत आल्या, मानोऱ्याहून पाठवता येते का पहाय."

मी तिथेच तिच्याकडून आईचा नंबर लिहून घेतला.

१ जानेवारी

रुपाबाईचा फोन लागेना. मुकादमाचा नंबर मिळाला, लखीराम नाव. तो म्हणाला, "बाई ठणठणीत हाय. काम करून राह्यली. काहून घाबरवता?" आणि कट. परत केला तर उचलेना.

डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाल्या, एकदम बंद होऊ देऊ नका, लगेच घेऊन या.

संघपालला म्हटलं जायचं. त्याने विचारलं नाही कुठे. ओळखीच्या माणसाची जीप ठरवून आला.

४ जानेवारी

परवा पुसदच्या पलीकडे फडावर पोचलो. सगळीकडे पाचट, धूर, मोळ्या उसाच्या. रुपाबाई लांबून दिसली. चेहरा चंद्रासारखा गोल, डोक्यावर मोळी, अशी चालत होती की वाटावं हिच्याएवढी धडधाकट बाई नाही. मला पाहून हसली.

"मॅडम! पुड्या आनल्या?"

मी सगळं सांगितलं. तिने मोळी टाकली आणि ऐकलं. मग म्हणाली, "तुमची नोकरी हाय मॅडम. तुमाले खुर्चीवर बसून पगार हाय. मी पुडी सोडली तं मोळी कोन उचलन? डॉक्टरबाई उचलन?"

मी ती मोळी उचलायला गेले. उचलली गेली नाही.

"सोडू नको," मी म्हटलं. "एकदम सोडायचीच नाही. पण मापानं कोणीतरी द्यायला पाहिजे. नाहीतर तू ह्याच पाचटात पडशील. मी पडले, रुपाबाई. मला उचलायला पोरी होत्या. तुझीच पोरगी होती."

तेव्हा तिने पदराची गाठ सोडून दाखवली. दोन पुड्या उरल्या होत्या.

तिचा नवरा बादल कोयता घेऊन उभा. लखीराम धावत आला. "बाईले नेता येत नाही. नवरा-बायकोची जोडी मोडते. हंगामाच्या मधात कोनी जात नाही." मग मी ओरडले. अंगात जितका होता तितका आवाज काढला. फडातल्या बाया कोयते थांबवून बघायला लागल्या. ह्या वेळी पुडी नव्हती, स्टेरॉइडची गोळी तर अर्ध्यावर आली आहे. मी सांगितलं, हिला काही झालं तर तुझं नाव मी पोलिसांत स्वतः देईन, आणि इथे बसून राहीन, आणि एकेका बाईचे हात तपासेन की अजून कोण कोण पुडीवर उभी आहे.

लखीराम संघपालकडे वळला. "भाऊ, तुमी तरी समजवा बाईले."

संघपालने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. "ती बराबर बोलून राह्यली. मी काय समजवू?"

बादलने कोयता खाली ठेवला. "जाय," रुपाबाईला म्हणाला. "मी पाहतो."

मागून दोन बायांनी विचारलं, "मॅडम, आमी बी घेतो ते. आमचं काय?" मी त्यांची नावं, गावं घेतली. डॉक्टरबाईंना सांगितली आहेत. पुढे काय होईल माहीत नाही. त्याचाही राग आहेच.

जीपमध्ये रुपाबाई माझ्या शेजारी बसली. थोडा वेळ ऊस किती गोड, मुकादम किती कडू असं बोलत राहिली. मग अकोल्याच्या रस्त्याला लागल्यावर बोलता बोलता झोपली. किती रात्रींची राहिलेली झोप असेल. डोकं येऊन पडलं माझ्या उजव्या खांद्यावर, जो सगळ्यात जास्त दुखतो त्याच्यावर. संघपालने पुढून वळून पाहिलं, खुणेनं विचारलं, जागा बदलू का.

मी नको म्हटलं. खांदा ठणकत होता. अकोला येईपर्यंत मी तो हलवला नाही.